घरच्या घरी मोटारसायकलच्या ब्रेकची दुरुस्ती : योग्य हत्यारांची निवड

व्यापारी कुटुंबात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिली नाही, याला आता बरीच वर्षे झाली. सकाळी पेढी उघडण्यास जाणे, दुपारी बँकेचे काम उरकणे, आठवड्याच्या बाजारी वसुलीस हिंडणे, सायंकाळी मुलांना शिकवणीस पोहोचविणे, ही सारी कामे तिच्याच भरवशावर चालतात. परंतु ज्या वाहनावर आपण घरातील माणसे बसवितो, त्याच्या ब्रेककडे मात्र तो वाजू लागेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. हे सर्वच अपघात ब्रेकमुळे झाले असे नव्हे. तथापि दुचाकीवरील मनुष्याभोवती पत्र्याचे आवरण नसते, आणि वेळेवर थांबता येणे हेच त्याचे मुख्य संरक्षण होय, एवढे यावरून निश्चित ध्यानात यावे.

ब्रेकची साधी देखभाल घरी करता येते आणि ती करावीही. मात्र घरी बिघडलेली कामे पाहिली तर असे आढळते की, ज्ञानाच्या अभावापेक्षा चुकीच्या हत्याराने अधिक नुकसान झालेले असते. झिजलेला पाना, बेताचा न बसणारा पेचकस आणि अंदाजाने आवळलेला बोल्ट ही तीन कारणे वारंवार दिसतात. यास्तव प्रस्तुत लेखात दुरुस्तीच्या कृतीपेक्षा हत्यारांच्या निवडीचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

ब्रेकवर पडणारा भार

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र होय. गाडी व दोन माणसे मिळून २५० किलो वजन धरले आणि वेग ताशी ५४ किलोमीटर धरला, तर थांबताना सुमारे २८ हजार ज्यूल इतकी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेने एक किलो लोखंड सुमारे ६० अंश सेल्सिअसने तापेल. हे झाले एकदा थांबण्याचे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना किंवा आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे जाताना ब्रेक पुनःपुन्हा दाबावा लागतो आणि एक उष्णता निवण्याच्या आतच दुसरी तीत भर घालते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, हेही विसरू नये. अशा भाराखाली वावरणाऱ्या भागांतील एखादा ढिला बोल्ट किंवा तेलकट पॅड हा क्षुल्लक दोष मानता येत नाही.

आपल्याकडील गाड्यांत दोन प्रकारचे ब्रेक आढळतात. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या पोकळ डब्यात दोन अर्धवर्तुळाकार शू असतात; तार किंवा दांडी ओढली की मधला कॅम फिरतो आणि शूवरील लायनर डब्याच्या आतील बाजूस घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी चकतीस दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि हा दाब नळीतील द्रवामार्फत पोहोचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा सिद्धान्त येथे कामास येतो. हँडलवरील लहान दट्ट्याच्या दुप्पट व्यासाचा दट्ट्या कॅलिपरमध्ये असेल तर त्याचे क्षेत्रफळ चौपट भरते आणि जोरही चौपट मिळतो. बेळगावच्या आसमंतात द्रवदाबाची यंत्रसामग्री बनविणारे कारखाने आहेत. त्यांच्याशी परिचय असलेल्या सभासदांस हे तत्त्व नवे नाही.

पान्यांच्या मापांचा घोळ

हत्यारांच्या खरेदीत पहिला प्रश्न मापाचा येतो. बाजारात 'पान्यांचा सेट' मागितला की जो हाती पडतो तो आपल्या गाडीस लागू पडेलच असे नाही, आणि याचे कारण आपल्या उद्योगाच्या इतिहासात आहे. मद्रास येथे १९५५ साली एन्फील्ड बुलेट गाडीची जुळणी सुरू झाली तेव्हा ती इंग्लंडमधील आराखड्यावर बेतलेली होती आणि तिचे नट-बोल्ट इंग्रजी मापाचे होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५६ साली, वजनमापांचा कायदा होऊन देशाने दशमान पद्धत स्वीकारली. पण जुन्या यंत्रांचे आटे कायद्याने बदलत नाहीत. १९८० नंतरच्या दशकात हिरो व होंडा, टीव्हीएस व सुझुकी, बजाज व कावासाकी, एस्कॉर्ट्स व यामाहा अशी जपानी सहकार्याची लाट आली आणि तिच्याबरोबर जपानी मापे आपल्या गल्लीत पोहोचली.

याचा व्यवहारातील परिणाम असा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना 'बसतो', पण ०.३ मिलिमीटर चाळ राहते. जोर लावताच नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो कोणत्याच पान्यास दाद देत नाही. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या जुन्या इंग्रजी पद्धतीत तर पान्यावरील आकडा त्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून 'पाव इंची व्हिटवर्थ' पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. जुनी बुलेट बाळगणाऱ्यांनी या पान्यांचा जोड स्वतंत्र ठेवावा आणि तो इतर पान्यांत मिसळू देऊ नये.

दशमान बोल्टांतही दोन परंपरा आहेत. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जपानी प्रथेप्रमाणे १२ च्या पान्याचे असते, तर जर्मन प्रथेप्रमाणे १३ च्या. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टास जपानी गाडीत १४ चा पाना लागतो आणि जर्मन प्रथेच्या बोल्टास १७ चा. म्हणून जपानी वंशाच्या गाडीसाठी ८, १०, १२, १४ व १७ हे पाने प्रथम घ्यावेत. एखाद्या ठिकाणी १३ चा पाना लागू लागला, तर तेथे मूळ बोल्ट जाऊन बाजारातील दुसरा आला आहे की काय, हे तपासावे. तसे असल्यास त्याच्या डोक्यावरील आकडाही पाहावा. ८.८ असा आकडा असेल तर ते पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनचा ताण तुटेपर्यंत सहन करते, ४.६ चा बोल्ट त्याच्या अर्धाच, सुमारे ४०० न्यूटन. दोन्ही दिसण्यात सारखेच चकचकीत असतात. कॅलिपर धरून ठेवणाऱ्या जागी आकडा नसलेला बोल्ट कदापि वापरू नये.

पान्याच्या प्रकाराविषयी एवढेच सांगणे पुरे की, उघड्या तोंडाचा पाना नटास दोनच बाजूंनी धरतो, तर रिंग-पाना व गोटी-पाना सर्व बाजूंनी धरतात. घट्ट झालेला नट प्रथम सैल करण्यास सहा कोनांची गोटी उत्तम. उघडा पाना पुढील फिरवाफिरवीसाठी. विशेषतः द्रव काढण्याच्या लहान निपलवर, जी बहुधा ८ च्या पान्याची असते, उघडा पाना मुळीच लावू नये. ही निपल आतून पोकळ असल्याने नाजूक असते, आणि ती कॅलिपरमध्ये तुटली तर काम घरच्या आवाक्याबाहेर जाते.

पेचकसाची एक अपरिचित बाब

हँडलवरील ब्रेक-द्रवाच्या डबीचे झाकण बहुधा दोन चौफुली स्क्रूंनी बसविलेले असते. हे स्क्रू खराब झालेले इतक्या गाड्यांवर दिसतात की, ती त्या स्क्रूंची नियतीच वाटावी. वस्तुतः दोष पेचकसाचा असतो. बाजारात सर्वत्र मिळणारा चौफुली पेचकस फिलिप्स पद्धतीचा असतो. त्याच्या टोकाचा आकार असा असतो की जोर वाढला म्हणजे तो खाचेतून वर उचलला जातो. जपानी प्रमाणाच्या स्क्रूची खाच दिसण्यात तशीच, पण बारकाव्यात निराळी असते आणि फिलिप्सचे टोक तिच्यात पूर्णपणे तळाशी टेकत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक टिंब कोरलेले असते. जपानी प्रमाणाचा २ क्रमांकाचा पेचकस घेतल्यास तो या स्क्रूंत घट्ट बसतो. शिवाय तो फिलिप्सच्या स्क्रूलाही बहुधा चालतो. स्क्रू घट्ट असेल तर पेचकस खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्यावा, आणि मग फिरवावा. या एका हत्याराने जितकी चिडचिड वाचते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने वाचत असेल.

आवळणीचे माप

सैल बोल्ट धोक्याचा, हे सर्वांस समजते. अतिरेकाने आवळलेला बोल्टही तितकाच धोक्याचा असतो, हे मात्र लवकर पटत नाही. आवळण्याचा जोर म्हणजे लावलेले बळ गुणिले पान्याची लांबी. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर १० किलोचा जोर दिला तर तो ३ किलो-मीटर, म्हणजे सुमारे २९ न्यूटन-मीटर होतो. कित्येक लहान गाड्यांच्या कॅलिपरच्या बोल्टांस एवढाच, सुमारे ३० न्यूटन-मीटर जोर सांगितलेला असतो. द्रवाच्या निपलला तर सुमारे ६ च. आता पान्यावर पाइप चढवून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि २० किलोचा जोर लावला, तर तो चौपट होतो. मग एकतर बोल्ट ताणला जातो किंवा ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात, आणि हा दोष त्या दिवशी दिसत नसून पुढे एखाद्या घाटात दिसतो.

यासाठी टॉर्क-पाना घ्यावा. ठरविलेला जोर येताच तो 'टक्' असा आवाज करून सूचना देतो. एकाच पान्याने सर्व कामे होत नाहीत. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा एक आणि २० ते १०० चा दुसरा असे दोन असल्यास बरे. एकच घेणे असेल तर मोठा घ्यावा आणि निपल वगैरे लहान कामे आखूड रिंग-पान्याने, केवळ मनगटाच्या जोरावर करावीत. काम संपल्यावर पाना त्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर आतील स्प्रिंग ताणलेली राहून त्याचे माप बिघडते. तराजूचा काटा तपासून घेणाऱ्या व्यापाऱ्यास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. नेमके आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. एका गाडीचे आकडे दुसरीस लावू नयेत.

मोजण्याची साधने

ब्रेक झिजला की नाही, हे डोळ्यांनी ठरविणे म्हणजे हाताच्या अंदाजाने सोने तोलण्यासारखे आहे. डिस्कच्या चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते आणि ड्रमच्या आत त्याचा कमाल व्यास. १३० मिलिमीटरचा ड्रम बहुधा १३१ पर्यंतच चालवावयाचा असतो. म्हणजे संपूर्ण आयुष्याची झीज अवघी एक मिलिमीटर. ती मोजण्यास ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारा साधा व्हर्निअर कॅलिपर पुरतो. चकती मोजताना कडेस न मोजता जेथे पॅड घासतात तेथे मोजावी, कारण कडेचा काठ झिजलेला नसतो आणि तो फसवा आकडा देतो. मागील पायब्रेकची मोकळी चाल कित्येक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर सांगितलेली असते. ती पाहण्यास पोलादी पट्टी पुरे.

ड्रम ब्रेकसाठी

ड्रमच्या कामास हत्यारे थोडी लागतात. आसाच्या नटासाठी योग्य मापाची गोटी व लांब दांडा, खिळपिनेसाठी पक्कड, आतील भुकटी काढण्यास ब्रश, लायनरची चमक मोडण्यास पॉलिश-पेपर आणि कॅमसाठी उष्णता सहन करणारे ग्रीस, इतके पुरे. शू काढताना स्प्रिंगा पेचकसाने उचकटू नयेत. दोन्ही शू हातांनी धरून पुस्तक मिटावे तसे आपल्याकडे दुमडले की ते स्प्रिंगांसह सुटून येतात. बसवितानाही हीच रीत. ग्रीस मोहरीएवढेच लावावे. जास्त लावल्यास ते वितळून लायनरवर येते. खिळपीन प्रत्येक वेळी नवी घालावी.

बाहेरच्या कॅमदांड्याजवळ झीज दाखविणारा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला की लायनर बदलावे. तेथे नट आवळून वेळ मारून नेण्याची सवय घातक आहे, कारण मर्यादेबाहेर फिरलेला कॅम उलटून चाक एकाएकी जाम होऊ शकते.

जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि हलक्या मालात काय आहे ते पाहून कळत नाही. म्हणून भुकटी फुंकून किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये.

डिस्क ब्रेकसाठी

पॅड बदलण्यास बहुधा १२ ची गोटी, पॅडच्या पिनांसाठी ॲलन-की आणि दट्ट्या मागे सारण्यास साधन लागते. दट्ट्या पेचकसाने रेटल्यास त्यावर ओरखडा उठतो आणि तेथून द्रव झिरपू लागतो. लाकडी पट्टी मध्ये घालून सुताराच्या शिकंजाने हळूहळू दाबावे, हे सर्वांत सुरक्षित. तत्पूर्वी दट्ट्याचा उघडा भाग स्वच्छ पुसावा आणि वरील डबीतून द्रव बाहेर सांडत नाही ना, यावर नजर ठेवावी.

द्रव बदलण्यास ८ चा रिंग-पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक काचेची बाटली, पिचकारी आणि मदतीस दुसरा मनुष्य हवा. एकाने दांडी दाबून धरावी, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून लगेच बंद करावी, मगच दांडी सोडावी. नळीत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हे चालू ठेवावे आणि डबी रिकामी होऊ देऊ नये. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून एक बुडबुडाही दांडी मऊ करतो.

बाजारात यास 'ब्रेक-ऑइल' म्हणतात, पण नेहमीचा द्रव हा तेल नव्हे. इंजिनाचे तेल, रॉकेल किंवा पेट्रोल या व्यवस्थेत गेल्यास आतील रबरी वायसर फुगून निकामी होतात. डॉट ३ व डॉट ४ हे द्रव हवेतील ओलावा शोषतात. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ व १४० आहेत. उकळलेल्या द्रवाची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. कोकण-गोव्याचा पावसाळा व त्यापाठोपाठचा घाट लक्षात घेता, साधारण दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची पुस्तिकांतील सूचना अनाठायी नाही. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी राखणे ही खोटी काटकसर होय. डबीवर जो प्रकार लिहिला असेल तोच घालावा. डॉट ५ हा सिलिकोनचा द्रव इतरांत मिसळत नाही. द्रव रंगावर सांडला तर ताबडतोब पाण्याने धुवावा, अन्यथा रंग निघून येतो. नळीच्या टोकाचा पोकळ बोल्ट उघडल्यास त्याचे दोन्ही मऊ धातूचे वायसर नवे घालावेत.

घरी काय करू नये

हत्यारे उत्तम असली तरी मर्यादा ओळखावी. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींस चाक जाम होऊ न देणारी एबीएस व्यवस्था आवश्यक झाली. अशा गाडीत पॅड घरी बदलता येतात, परंतु एबीएसच्या यंत्रात हवा शिरली तर ती काढण्यास पुष्कळदा कंपनीचे विद्युत-उपकरण लागते. वाकलेली चकती, भेगाळलेली नळी, गळणारा कॅलिपर व झिजलेला ड्रम ही कामेही कुशल कारागिराचीच.

दुरुस्तीनंतर गाडी सुरू करण्यापूर्वी दांडी पुनःपुन्हा दाबून ती घट्ट होते ना, हे पाहावे. मागे सारलेला दट्ट्या पहिल्या एकदोन दाबांत पॅडपर्यंत पोहोचतच नाही. नंतर अंगणात चालण्याच्या वेगाने तपासावे आणि नव्या पॅडांना पहिले काही दिवस जोराने न दाबता बसू द्यावे.

खरेदीचा क्रम

सर्व हत्यारे एकदम घेण्याची आवश्यकता नाही. प्रथम गाडीची पुस्तिका, पाच रिंग-पाने व जपानी प्रमाणाचा पेचकस, मग गोट्यांचा जोड व व्हर्निअर, त्यानंतर टॉर्क-पाना, शेवटी नळी, पिचकारी व शिकंजा. जालंधर, लुधियाना, नागौर व नाशिक येथे हत्यारे बनतात आणि चांगला देशी माल सहज मिळतो. घेताना पान्याचे तोंड नव्या नटावर बसवून चाळ पाहावी, माप स्पष्ट कोरलेले आहे की नाही ते पाहावे, आणि बनविणाऱ्याचे नाव नसलेला माल टाळावा. चाळीस नगांचा चकचकीत पेटारा व दहा नगांचा खरा जोड यांत दुसराच शेवटी स्वस्त पडतो.

आपल्यापैकी जे सभासद हार्डवेअरचा अथवा सुट्या भागांचा व्यापार करतात, त्यांच्याकडे या विषयाची दुसरी बाजू आहे. नकली पॅड, आकडा नसलेला बोल्ट आणि नाव नसलेला द्रव यांवर नफा थोडा अधिक सुटतो, हे खरे. परंतु गल्ल्यापलीकडे उभे असलेले गिऱ्हाईक तो माल ज्या गाडीस लावणार, तिच्यावर त्याची मुलेबाळे बसणार असतात. कोणते माप, कोणता द्रव व कोणता बोल्ट हे त्यास नीट समजावून दिले, तर विक्री कदाचित चार पैशांनी कमी होईल, पण ते गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानी येईल. घेणाऱ्याने नेमके मागावे आणि देणाऱ्याने नेमके द्यावे, एवढे दोघांनी पाळले तरी पुष्कळ गाड्या वेळेवर थांबतील.